पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : नेम, हिशेब आणि अठ्ठावीस वर्षांचा कारभार

॥ श्री ॥



पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या भागात विरळाच. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ किंवा ओंकारेश्वर यांपैकी कोणत्याही क्षेत्री जाऊन आलेला यात्रेकरू परतल्यावर जे सांगतो, त्यात कोठे घाट, कोठे विहीर, कोठे धर्मशाळा असा त्यांचा उल्लेख येतोच. ३१ मे २०२५ रोजी त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या दानशूरतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते दान ज्या शिस्तीच्या बळावर उभे राहिले, त्या शिस्तीविषयी मात्र त्या मानाने कमी बोलले जाते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचे चरित्र त्या अंगाने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपले बोरगाव हे शेतकऱ्यांचे, कापूस व संत्र्यांच्या व्यापाऱ्यांचे, लहानमोठ्या दुकानदारांचे आणि औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांत पाळीने राबणाऱ्या कामगारांचे गाव आहे. येथे प्रत्येकाला कोणता ना कोणता कारभार सांभाळावा लागतो. कोणी घराचा, कोणी दुकानाचा, कोणी दहा मजुरांच्या टोळीचा, तर कोणी देवस्थानाचा. कारभार एका दिवसात कोणी बुडवीत नाही आणि एका दिवसात कोणी वाढवीतही नाही. तो रोजच्या सवयींनी वाढतो अथवा खालावतो. या दृष्टीने अहिल्यादेवींचे चरित्र आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे, अशी आमची धारणा आहे.

चौंडी ते इंदूर

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. कुटुंब धनगर समाजातील, साधे आणि श्रद्धावान होते. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या काळी नव्हती, तरीही माणकोजींनी मुलीला लिहिणे-वाचणे शिकविले. पुढे अठ्ठावीस वर्षे ज्या हाताने जमाखर्चाचे कागद तपासले, त्या हाताला लेखणीची ओळख चौंडीतच झाली होती.

माळव्याचे सुभेदार मल्हारराव होळकर यांनी या मुलीला चौंडीच्या देवळात पाहिले आणि सून म्हणून पसंत केले, अशी परंपरागत कथा आहे. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी त्यांचे वय आठ वर्षांचे होते. १७४५ मध्ये पुत्र मालेराव आणि १७४८ मध्ये कन्या मुक्ताबाई यांचा जन्म झाला.

सासऱ्यांच्या हाताखालील शिक्षण

मल्हारराव हे स्वकर्तृत्वाने पुढे आलेले पुरुष होते. बाजीराव पेशव्यांच्या काळात त्यांनी माळव्यात होळकरांची दौलत उभी केली होती. त्यांचे बहुतेक आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले. वर्षाचे कित्येक महिने ते मोहिमेवर असत. मागे राहिलेल्या मुलखाचा वसूल, फौजेचा पगार, घोड्यांची वैरण, तोफांचा दारूगोळा ही सारी व्यवस्था कोणीतरी विश्वासू माणसाने पाहणे आवश्यक होते. ते काम त्यांनी हळूहळू सुनेवर सोपविले.

१७६५ मधील मल्हाररावांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी अहिल्यादेवींना तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याविषयी, तेथील मुक्कामाविषयी आणि दारूगोळ्याच्या तजविजीविषयी सूचना दिल्या आहेत. यावरून सासऱ्यांनी सुनेला केवळ मान दिला नाही, कामही दिले, हे स्पष्ट होते. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई याही करारी व व्यवहारदक्ष होत्या. घरच्या खासगी मिळकतीचा हिशेब कसा राखावा हे अहिल्यादेवी त्यांच्याच सहवासात शिकल्या.

आपल्याकडे दुकान वा शेती मुलाच्या हाती सोपविताना पुष्कळदा वडिलांच्या पश्चातच किल्ल्या दिल्या जातात. मल्हाररावांनी तसे केले नाही. ते हयात असतानाच त्यांनी सुनेला चुका करण्याची, सुधारण्याची आणि निर्णय घेण्याची संधी दिली. पुढे आपत्तीच्या वेळी होळकरांची दौलत टिकली, याचे एक मोठे कारण हे पूर्वशिक्षण होते.

आघातांची तेरा वर्षे

मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मृत्यू पावले. अहिल्यादेवी तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. त्यांनी सती जाण्याची तयारी केली होती. मल्हाररावांनी कळवळून त्यांना परावृत्त केले. त्या काळच्या समजुतीविरुद्ध जाऊन त्या मागे राहिल्या, त्या या वृद्धाच्या शब्दासाठी आणि प्रजेसाठी.

१७६१ मध्ये पानिपतचा अनर्थ झाला आणि त्याच वर्षी गौतमाबाईही निवर्तल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे देहावसान झाले. नातू मालेराव यांना सुभेदारी मिळाली. परंतु त्यांची प्रकृती व मनःस्थिती बिघडत गेली आणि वर्षभराच्या आत, १७६७ मध्ये, तेही गेले. पती, सासू, सासरे आणि एकुलता एक पुत्र अशी चार माणसे तेरा वर्षांत गेली. आता दौलतीला उघड वारस राहिला नाही.

अशा वेळी संकट बाहेरून येते तसे आतूनही येते. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवावा असा बेत मांडला आणि त्यासाठी राघोबादादांना अनुकूल करून घेतले. अहिल्यादेवींनी हा बेत मान्य केला नाही. आपण घराण्याच्या एका वारसाची पत्नी व दुसऱ्याची माता आहोत, म्हणून उत्तराधिकारी ठरविण्याचा हक्क आपला आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी लढाईची तयारी केली आणि त्याच वेळी आजूबाजूच्या सरदारांशी पत्रव्यवहारही केला. सर जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारताच्या वृत्तांतात म्हटले आहे, की महादजी शिंदे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांनी या प्रकरणी राघोबादादांना साथ देण्याचे नाकारले. आपला सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्याच अमलाखाली होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. अखेर पेशवे माधवराव यांनी अहिल्यादेवींच्या बाजूने निर्णय दिला.

त्यानंतर त्यांनी जो निर्णय घेतला, तो त्यांच्या मुत्सद्देगिरीचा उत्तम नमुना होय. फौजेचे आधिपत्य त्यांनी तुकोजी होळकर या अनुभवी व निष्ठावान सरदाराकडे दिले आणि मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. माल्कम यांच्या म्हणण्याप्रमाणे तुकोजी वयाने मोठे असूनही त्यांना मातेसमान मानीत. दोघांत पैशावरून कुरबुरी झाल्या, पत्रांतून कडक शब्दही गेले. तथापि ही विभागणी त्यांच्या अखेरपर्यंत टिकली.

ठरलेला दिनक्रम

अहिल्यादेवींनी नर्मदातीरी महेश्वर येथे आपली राजधानी केली. तेथील त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन माल्कम यांनी त्या काळच्या माणसांकडून ऐकून लिहून ठेवले आहे. सूर्योदयापूर्वी सुमारे तासभर त्या उठत. स्नान, पूजा आणि पुराणश्रवण झाल्यावर स्वहस्ते दान होई व ब्राह्मणभोजन होई. मग त्या स्वतः साधे शाकाहारी भोजन करीत. थोड्या विश्रांतीनंतर दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येऊन बसत, त्या सूर्यास्तापर्यंत. सायंकाळी दोन-तीन तास पूजा व अल्पाहार यांत जात. रात्री नऊ वाजता पुन्हा कामकाज सुरू होई आणि अकराच्या सुमारास त्या शयनगृहात जात. उपवास, सण आणि राज्यावरील संकटाचे प्रसंग वगळता या क्रमात सहसा बदल होत नसे.

हा क्रम वाचून कोणास तो केवळ धार्मिक वाटेल. परंतु नीट पाहिले असता असे दिसते, की दिवसाचे दोन स्वतंत्र भाग राज्यकारभारासाठी राखून ठेवलेले होते. दुपारचा भाग लोकांना भेटण्याचा होता आणि रात्रीचा भाग कागदपत्रांचा. त्या पडद्याआड बसत नसत. दरबार उघडा असे आणि फिर्यादी कितीही लहान असला तरी त्याचे म्हणणे त्या स्वतः ऐकून घेत. मग प्रकरण पंचायतीकडे किंवा अधिकाऱ्याकडे जाई. अमुक वेळी बाई नक्की भेटतात, हे दूरच्या गावकऱ्यालाही ठाऊक असल्यामुळे मधल्या माणसाला चिरीमिरी देऊन भेट मिळविण्याची गरज उरत नसे. वेळेचा नेम हा अशा रीतीने गरिबाच्या न्यायाचाच एक भाग झाला होता.

दौलत वेगळी, खासगी वेगळी

त्यांच्या कारभाराचे मर्म आमच्या मते पुढील व्यवस्थेत आहे. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. एक दौलतीचा, म्हणजे राज्याचा. त्यातून फौज, अधिकारी, किल्ले आणि पेशव्यांकडील देणे भागवावे लागे. दुसरा भाग खासगीचा. १७३४ मध्ये पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगीची स्वतंत्र जहागीर करून दिली होती. गौतमाबाईंच्या पश्चात ती अहिल्यादेवींकडे आली. या खासगीवर त्यांचा स्वतःचा पूर्ण अधिकार होता. आज देशभर दिसणारी त्यांची मंदिरे, घाट व धर्मशाळा मुख्यत्वे या खासगीच्या उत्पन्नातून झाल्या.

म्हणजे देवाचे कार्य करताना त्यांनी प्रजेच्या पैशाला वेगळे ठेवले आणि स्वतःच्या पैशाला देवाकडे वळविले. मनात आणले असते तर हे खाते त्या खात्यात घालणे त्यांना अशक्य नव्हते. विचारणारे तरी कोण होते? परंपरा अशी सांगते, की त्यांनी खासगीच्या धनावर तुळशीपत्र ठेवून ते धर्मकार्यासाठी संकल्पित केले. एकदा संकल्प सोडल्यावर ते धन मागण्याचा अधिकार कोणालाही राहिला नाही, त्यात त्या स्वतःही आल्या.

उलट बाजूनेही हा नियम कसोशीने पाळला जाई. उत्तरेत व दक्षिणेत मोहिमांवर असलेले तुकोजी वारंवार पैशाची मागणी करीत. अहिल्यादेवी पैसा पाठवीत, परंतु आधीच्या खर्चाचा हिशेब मागत. या हिशेबावरून दोघांत अनेकदा बेबनाव झाला. तरीही जवळच्या माणसाला हिशेब विचारण्यात त्यांनी संकोच केला नाही. आपल्या व्यवहारात बहुधा येथेच घोडे अडते. परक्याला आपण पावती मागतो आणि घरच्याला मागताना लाजतो. मग काही वर्षांनी पैसा जातो तो जातोच, त्याच्यासोबत नातेही जाते.

माणसे निवडावी आणि टिकवावी

माल्कम यांनी आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदविली आहे. अहिल्यादेवींचे अधिकारी सहसा बदलले जात नसत. गोविंदपंत गानू हे त्यांच्या कारकिर्दीचा बहुतेक काळ कारभारी होते, तर इंदूरचे कमाविसदार खंडेराव वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागेवर होते. त्या काळी महालाची मामलत पैसे मोजून मिळविण्याची व वर्ष-दोन वर्षांत ती वसूल करून घेण्याची वाईट चाल अनेक ठिकाणी होती. ज्या अधिकाऱ्याला उद्याची खात्री नाही, तो आजच रयतेला पिळून घेतो. ज्याला ठाऊक आहे की आपण वीस वर्षे येथेच राहणार, तो विहीर खोदतो, झाड लावतो आणि सारा बेताचा ठेवतो. अहिल्यादेवींनी हे ओळखले होते.

माणसे टिकविणे म्हणजे त्यांच्या चुकांवर पांघरूण घालणे नव्हे. फिर्याद आली तर चौकशी होत असे. परंतु कानफुंक्यांच्या सांगण्यावरून माणूस काढणे आणि खुशामतीवरून माणूस चढविणे या दोन्ही गोष्टी त्यांनी टाळल्या. खुशामतीविषयीची त्यांची वृत्ती दाखविणारा एक प्रसंग माल्कम यांनी दिला आहे. एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीने भरलेला ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, मग तो नर्मदेत टाकण्याची आज्ञा केली आणि ग्रंथकाराकडे पुन्हा लक्ष दिले नाही.

व्यापार, रस्ते आणि विणकर

व्यापाऱ्याला राज्यकर्त्याकडून मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात. रस्ता निर्धोक असावा आणि कमावलेले धन कोणी हिरावून घेऊ नये. अहिल्यादेवींनी या दोन्हींची काळजी घेतली.

विंध्य-सातपुड्याच्या घाटवाटांवर भिल्लांच्या टोळ्यांचा उपद्रव होता. अहिल्यादेवींनी जेथे आवश्यक तेथे बंदोबस्त केला. परंतु केवळ शिक्षेवर न थांबता भिल्ल नायकांना त्यांच्या हद्दीतील मार्गाच्या रक्षणाची जबाबदारी दिली आणि प्रवासी मालावरील त्यांची भिलकवडी नावाची जुनी अल्प पट्टी मान्य केली. ज्यांच्यापासून भय होते तेच राखणदार झाले. प्रवाशाचे नुकसान झाले तर त्याची जोखीम त्यांच्यावर राहिली.

दुसरा प्रसंग इंदूरचा. तेथील एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. अशा वेळी मृताच्या संपत्तीचा मोठा हिस्सा सरकारात ओढण्याची रूढी होती. तुकोजींची फौज जवळच होती आणि त्यांनी तशी मागणी केली. सावकाराच्या विधवेने महेश्वरी धाव घेतली. अहिल्यादेवींनी तिचा हक्क कायम केला आणि तुकोजींना इंदुराहून फौज हलविण्याची आज्ञा पाठविली. खरगोण येथील एका सावकार घराण्यातील विधवांनी आपली संपत्ती स्वखुशीने देऊ केली असता ती त्यांनी स्वीकारली नाही. ती लोकोपयोगी कार्यात खर्चावी असा सल्ला दिला व त्यातून नदीवर घाट आणि गणपतीचे मंदिर झाले, असा वृत्तांत आहे. न्यायाची ही वार्ता व्यापाऱ्यांत पसरली. लहानशा इंदूर गावाला भरभराटीच्या शहराचे रूप येऊ लागले ते याच काळात.

महेश्वरी त्यांनी कुशल विणकरांना आणून वसविले. त्यांच्या हातून घडलेले महेश्वरी लुगडे पुढे देशभर नावारूपास आले. मध्यंतरी हा धंदा मंदावला होता. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात महेश्वर येथे रेहवा सोसायटी स्थापन होऊन त्याला पुन्हा चालना मिळाली. नर्मदेच्या घाटाच्या दगडांवरील नक्षी या साड्यांच्या काठांत उतरलेली दिसते.

देवस्थानांची व्यवस्था

काशी विश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये उभारले. सोमनाथ येथे १७८३ मध्ये भग्न देवालयाजवळ नवे मंदिर झाले. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मधील आहे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार, काशीचा मणिकर्णिका घाट, महेश्वरचे विस्तीर्ण घाट, हरिद्वारपासून रामेश्वरापर्यंतच्या सोयी यांची यादी फार मोठी आहे. यांतील बहुसंख्य स्थळे होळकरांच्या राज्याबाहेर होती. तेथे त्यांची सत्ता नव्हती, वसूल येत नव्हता आणि कोणताही राजकीय लाभ नव्हता.

मंदिर बांधणे एक वेळ सोपे, ते चालविणे कठीण, हे देवस्थानाशी संबंध असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. कळस चढतो त्या दिवशी वर्गणी भरपूर जमते. दहा वर्षांनी तेलवातीला पैसा नसतो. अहिल्यादेवींनी बांधकामाबरोबर पुढील खर्चाचीही सोय लावली. अनेक ठिकाणी जमिनीचे वा गावाचे उत्पन्न पूजा, नैवेद्य व अन्नछत्र यांसाठी नेमून दिले आणि ते पाहण्यास माणसे ठेवली. दक्षिणेकडील दूरच्या देवस्थानांना गंगाजल नियमाने पोहोचविण्याची व्यवस्थाही त्यांनी केली होती.

हीच दृष्टी त्यांच्या लहान दानांतही दिसते. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी मार्गांवर पाणपोया असत. थंडीत गोरगरिबांना कपडे वाटले जात. महेश्वरजवळच्या शेतांत नांगराला जुंपलेल्या बैलांना दुपारी थांबवून बाईंचे सेवक पाणी पाजीत. शेतकरी राखणीपायी पाखरांना हाकलून लावतात म्हणून त्यांनी काही शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी ठेवली होती. वैशाखात आपल्या भागातील जाम नदीचे पात्र कोरडे पडलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दानाचे मोल वेगळे सांगावयास नको. मन हेलावले म्हणून एखाद्या दिवशी पाणी पाजणारे पुष्कळ असतात. दरवर्षी, ठरल्या ऋतूत, ठरल्या माणसाच्या हातून ते घडविणे याला व्यवस्था लागते.

अखेरची वर्षे

एवढ्या सत्कृत्यांनंतर तरी त्यांना सुख लाभावे, असे आपणास वाटते. तसे झाले नाही. मुक्ताबाईंचे पुत्र नथ्याबा हे आजीचे एकमेव नातवंड होते. तेही तरुणपणीच गेले. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे यांचे निधन झाले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. मातेने पायांवर डोके ठेवून विनवणी केली, पण कन्येने ती ऐकली नाही. स्वतः सती न जाता प्रजेसाठी मागे राहिलेल्या मातेला आपली कन्या चितेवर चढताना पाहावी लागली. माल्कम लिहितात, की दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले होते. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत.

मग त्या पुन्हा दरबारात आल्या. दुपारचा दरबार आणि रात्रीचे कागद पुन्हा सुरू झाले. आम्हांस वाटते, की रोजचा नेम येथे त्यांच्या आधारास आला असावा. सुखाच्या दिवसांत आपण नेमाला सांभाळतो आणि दुःखाच्या दिवसांत नेम आपल्याला सांभाळतो.

राज्यावरही सावट होते. शिंदे-होळकर वैमनस्य वाढत जाऊन १७९३ मध्ये लाखेरी येथे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वर येथे अहिल्यादेवींनी देह ठेवला.

काय टिकले, काय टिकले नाही

चरित्र येथे संपवावे अशी रीत आहे. परंतु त्यांच्या पश्चात काय झाले हे पाहिल्याशिवाय या चरित्राचा बोध पूर्ण होत नाही. दोन वर्षांनी, १७९७ मध्ये, तुकोजीही गेले. लगेच वारसाहक्काचा कलह पेटला. फौजा एकमेकांवर धावून गेल्या आणि माळव्याची ती शांतता फार काळ राहिली नाही. तीस वर्षे रयतेने जे सुख अनुभवले, ते काही वर्षांत विस्कटले. त्यांच्या तोलाचा वारस पुढे आला नाही. मल्हाररावांनी त्यांना जसे घडविले, तसे घडविण्यास त्यांच्याजवळ पुत्र, नातू, जावई यांपैकी कोणीच उरले नव्हते. हा दोष त्यांचा म्हणता येणार नाही, पण परिणाम टळला नाही.

त्याच वेळी दुसरे चित्र पाहावे. ज्या कार्यांना त्यांनी वेगळे खाते, वेगळे उत्पन्न आणि नेमलेली माणसे लावून दिली होती, ती कार्ये राज्य डळमळले तरी पुष्कळ अंशी चालत राहिली. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. त्यानंतर खासगीच्या देवस्थानांसाठी व धर्मादाय मालमत्तेसाठी १९६२ मध्ये न्यास स्थापन झाला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ च्या कक्षेत येतो असा निर्णय दिला. खासगीचा हिशेब आजही लोकांपुढे येण्याजोगा मानला जातो, हे त्या मूळ व्यवस्थेला साजेसेच आहे.

यावरून आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे. जे कार्य एका व्यक्तीच्या पुण्याईवर चालते, ते त्या व्यक्तीबरोबर थांबते. जे कार्य नियम, हिशेब आणि नेमलेले उत्पन्न यांवर उभे असते, ते व्यक्ती गेल्यावरही चालते. अहिल्यादेवींसारख्या थोर विभूतीच्या बाबतीतही हा नियम सुटला नाही, तर तुम्हाआम्हांची काय कथा?

आपल्यासाठी

अहिल्यादेवींची नक्कल करणे आपल्या आवाक्यातील नाही. तथापि त्यांच्या काही सवयी कोणत्याही घरात वा दुकानात उतरविता येण्यासारख्या आहेत. दिवसातील एक वेळ लोकांसाठी आणि एक वेळ कागदांसाठी ठरवून घ्यावी व ती मोडू नये. धंद्याचा पैसा आणि घरखर्चाचा पैसा यांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. नोकराला एका हंगामाचा न समजता वीस वर्षांचा समजून वागवावे. आपल्या माणसाला हिशेब विचारावा आणि त्याने विचारला तर आपणही दाखवावा. नवे काही बांधण्यापूर्वी ते दहा वर्षांनी कोण व कशातून चालवील हे लिहून काढावे. आणि हाताखालच्या मुलाला अथवा सुनेला आपण धडधाकट असतानाच किल्ल्या द्याव्यात.

देवस्थानाचा पैसा हाताळणाऱ्या आम्हा विश्वस्तांना तर हे चरित्र आरशासारखे आहे. भाविकाने दानपेटीत टाकलेला रुपया तुळशीपत्र ठेवलेलाच असतो. त्यावर आमचा अधिकार नाही, केवळ जबाबदारी आहे. ती नेमाने पार पाडण्याची बुद्धी आम्हांस व्हावी आणि वाचकांच्या घरी, शेतीत व व्यवसायात पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या शिस्तीचा अंश उतरावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥